सांध्यातली पिवळी रेघ

मी एक जुना शंकू आहे. प्लॅस्टिकचा, एके काळी आरपार दिसणारा, आता दुधाळ पडलेला. कुत्र्याने आपली जखम चाटू नये म्हणून त्याच्या मानेभोवती नरसाळ्यासारखं जे बसवतात, तो मी. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. एरवी ज्या मनुष्यजातीने गेली अकरा वर्षं मला बघून फक्त दात काढले, तिच्यात माझा मित्र कोणी नाही. कोणी मला दिव्याची टोपी म्हणालं, कोणी जुन्या ग्रामोफोनचा कर्णा. डुएन नावाचा एक शेजारी तर मला डिश अँटेना ठरवून प्रत्येक भेटीत "आज कुठली चॅनेलं लागतायत?" असं विचारायचा आणि प्रत्येक भेटीत स्वतःच पोट धरून हसायचा. त्याच्याबद्दल पुढे येईलच. न बोलावता येणं हा त्याचा स्वभाव आहे.

माझा जन्म सपाट झाला. एका यंत्राने प्लॅस्टिकच्या तावातून मला हातपंख्याच्या आकारात कापलं, एका कडेला भोकं पाडली, दुसऱ्या कडेला बटणं ठोकली आणि शंभर भावंडांबरोबर खोक्यात टाकलं. एक कड दुसरीवर चढवायची, बटणं भोकांत दाबायची, की मी उभा राहतो. जिथे कडेवर कड चढते तो माझा सांधा. हा सांधा लक्षात ठेवा. माणसांच्या लक्षात राहत नाही म्हणून आधीच सांगून ठेवतो.

खोकं उघडलं ते अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन काउंटीत, डॉक्टर मुआच्या दवाखान्यात. या भागात गाई जास्त आणि माणसं कमी, आणि दोघांपैकी समजूतदार कोण हे मी सांगायची गरज नाही. डॉक्टर मुआ तेव्हा नवीन होती. तिचे आईबाप लाओसचे हमोंग, ती स्वतः याच राज्यातल्या वॉसॉला जन्मलेली, आणि थंडी, मासेमारी, फुटबॉल या विषयांवर तिची मतं गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्यासारखीच ठाम होती. तिने मला उसना देण्यासाठी ठेवला होता. रोगी बरा झाला की शंकू परत आणून द्यायचा, असं माझ्या कडेवर शाईने लिहिलंही होतं. ते कोणी वाचलं नाही तो भाग वेगळा.

मी बरी कामं केली. एका स्पॅनियल कुत्र्याने आपले टाके दोनदा खाल्ले होते, तिसऱ्यांदा मी होतो म्हणून वाचले. एका मांजराने सहा दिवस मला शिव्या घातल्या आणि सातव्या दिवशी माझ्यामुळेच त्याचा डोळा शाबूत राहिला. एक म्हातारी बाई मला परत देताना म्हणाली, "याने माझ्या रोझीला वाचवलं हो." अकरा वर्षांत मिळालेलं कौतुक ते एवढंच. मी ते पुरवून पुरवून वापरलं आहे.

मग एका मे महिन्यात एल्डन झ्वाइफेल मिट्झीला घेऊन आला.

एल्डन पंचाहत्तर वर्षांचा, पूर्वी कधीतरी स्वित्झर्लंडहून आलेल्या घराण्यातला. त्यातली एक्कावन्न त्याने चीज बनवण्यात घालवलेली. फाटलेल्या दुधाच्या गरम निवळीत हात घालून घालून त्याच्या हातांवर कोपरापर्यंत केस उरलेले नाहीत, कातडी बाळासारखी गुलाबी. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी दर गुरुवारी कारखान्यात जाऊन पोरांच्या चुका काढायचा आणि येताना ब्रिक चीजची एक लादी काखेत मारून आणायचा. ब्रिक म्हणजे मऊ, चिकट, थोडं उग्र वासाचं, इथलंच. एल्डनने आयुष्यभर तेच बनवलं.

मिट्झी सात वर्षांची. पिवळी, अर्धी लॅब्राडोर आणि उरलेली अर्धी कोणाची ते तिच्या आईलाच ठाऊक. त्या दिवशी तिचे कान आतून लालबुंद होते, पंजे चाटून चाटून तपकिरी झाले होते, काखा सोललेल्या, आणि उजव्या मांडीवर तळहाताएवढी जागा तिने स्वतःच्या दातांनी उघडी केली होती. टेबलावर उभी असतानाही तिचा मागचा पाय हवेत खाजवत होता.

"कधीपासून चाललंय हे?" डॉक्टर मुआने विचारलं.

"मार्चपासून. पण मार्चमध्ये कोण खाजवत नाही?"

"एल्डन, आता मे आहे."

"म्हणून तर आलो ना."

तिने तपासलं, जखम धुतली, कानात औषध घातलं, आणि मला मिट्झीच्या गळ्यात चढवलं. मग गोळ्यांची बाटली पुढे केली. "रोज सकाळी एक. खाजेची आहे. आराम वाटेल तिला."

"घेईल का ती? नाक तिखट आहे तिचं."

"घेईल हो. कशात तरी गुंडाळून द्या."

कशात तरी! मित्रांनो, ग्रीन काउंटीत 'कशात तरी' म्हणजे काय, हे तिथल्या कोंबडीलाही कळतं. पण चार भिंतींवर चार पदव्या टांगून बसलेल्या डॉक्टरीणबाईंना पुढचा प्रश्न विचारावासा वाटला नाही. मी तेव्हाच ओळखलं, की इथे दोन शहाणे जमले आहेत आणि मधल्यामध्ये कुत्री मरणार आहे.

घरी गेल्यावर उपचारांची जत्रा भरली. एल्डनची बायको अर्डिस हिने ओट शिजवून न्हाणीच्या टबात ओतले आणि मिट्झीला त्यात बसवलं. मिट्झीने ते निम्मे खाल्ले. चर्चच्या तळघरातल्या कॉफीच्या बैठकीत कोणीतरी सफरचंदाचा व्हिनेगर सांगितला, दुसरीने खोबरेल सांगितलं, तिसरी म्हणाली तिचा पुतण्या मध देतो आणि पुतण्याचं कुत्रं घोड्यासारखं धावतं. हे सगळं एकाच आठवड्यात मिट्झीच्या अंगावर आणि थोडंफार माझ्याही अंगावर लागलं. मग डुएन आला. हातात हिरवा डबा.

"हे लाव. सडांचं मलम."

"डुएन, ही गाय नाहीये," अर्डिस म्हणाली.

"गाईच्या सडाला चालतं, माझ्या बायकोच्या टाचांना चालतं, मग हिला काय झालं? आणि काय गं मिट्झी, आज कुठली चॅनेलं लागतायत?"

लावलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. मिट्झीच्या अंगाला तीन दिवस गोठ्यासारखा वास मारत होता आणि चौथ्या दिवशी ती पूर्वीइतकीच खाजवू लागली. मांडीपर्यंत मी तिला पोचू देत नव्हतो, तर ती माझी कड सोफ्याला घासून स्वतःचा गाल सोलायची. तिचा मला राग नाही. तिला खाजत होतं. बाकीच्यांना काय झालं होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

गोळीने आधी थोडा फरक पडला, मग पडेनासा झाला. जूनच्या मध्यावर डॉक्टर मुआने दुसरी गोष्ट काढली. कदाचित खाण्यातलं काहीतरी बाधत असेल. आठ आठवडे पिशवीतलं एकच खास खाणं, ज्याने कुठल्याच कुत्र्याला बाधू नये असं केलेलं.

"हे आणि पाणी. बाकी काही नाही. बिस्किट नाही, हाड नाही, ताटातलं उष्टं नाही. एकदा जरी चुकलात तरी पहिल्यापासून मोजायचं. मला शब्द द्या, एल्डन."

"दिला," एल्डन म्हणाला.

तिने दोन छापील पानं दिली. एल्डनने ती घरी आणून फ्रिजच्या दारावर गाईच्या चुंबकाखाली लावली. वरचं पान दिसत होतं. खालचं पान उलटून बघायची तसदी कोणी घेतली नाही. एक्कावन्न वर्षं ज्याने रोज दुधाचं तापमान कागदावर उतरवलं, त्याला दुसऱ्याने छापलेलं वाचायची गरज वाटत नाही. नवशिक्यांनी वाचावं.

मात्र शब्द पाळायला तो असा बसला, की घरात पोलीस बरा. अर्डिसने टोस्ट कट्ट्याशी उभं राहून खायचा, चुरा पडता कामा नये. मिट्झी अंगणात गेली की हा तिच्या मागे, बेडूक खाईल म्हणून. एका शुक्रवारी डुएनच्या अंगणात सगळ्यांनी तळलेले मासे खाल्ले. डुएनने टेबलाखालून मिट्झीला एक तुकडा सोडला आणि माझ्या आत नेमका नेम धरून सोडला म्हणून टाळ्या मागू लागला. एल्डन खुर्ची पाडून उठला.

"ओक! मिट्झी, ओक आधी!"

त्याने जबड्यात हात घालून अर्धा मासा बाहेर काढला. उरलेला अर्धा गेला होता.

"अरे, मासा होता बाबा, विष नव्हतं," डुएन म्हणाला.

"मी शब्द दिलाय!"

"कुत्रीला?"

"डॉक्टरला! आणि कुत्रीलाही! तुझ्या बापाचं काय जातंय?"

नऊ दिवस तो डुएनशी बोलला नाही, आणि दिवस पहिल्यापासून मोजायला घेतले. फ्रिजवर त्याने पेन्सिलने तक्ता केला होता, कारखान्यातल्यासारखा. रोज संध्याकाळी लिहायचा. 'फक्त डॉक्टरचं खाणं. दुसरं काही नाही.' अक्षर सुरेख. लिहिताना ओठ हलायचे. तो खोटं लिहीत नव्हता हे मी शपथेवर सांगतो, आणि नेमक्या त्याच गोष्टीचा मला जास्त संताप येतो. खोटारड्याला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं.

कारण रोज सकाळी साडेसहाला, कॉफी व्हायच्या आधी, हाच माणूस फ्रिज उघडायचा. ब्रिकची लादी काढायचा. तीन तुकडे कापायचा. "ये माझी राणी, औषध." पहिला तुकडा रिकामा, तिचा विश्वास बसावा म्हणून. दुसऱ्यात गोळी, अंगठ्याने वळून वळून गुळगुळीत केलेली. तिसरा पुन्हा रिकामा, शहाण्यासारखं औषध घेतलं म्हणून बक्षीस. मिट्झीची जीभ माझ्या आतल्या बाजूने फिरायची. जे तिला लागायचं ते ती चाटायची, जे उरायचं ते माझ्या सांध्यात जाऊन बसायचं. खाज घालवायची गोळी आणि खाज आणणारा घास, रोज एकाच हाताने, एकाच वेळी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा कुत्रीच्या घशात रोज तीनदा उतरत होता.

तुम्ही म्हणाल, त्याला कळायला नको? मित्रांनो, त्याच्या लेखी ब्रिक हे खाणं नव्हतंच. खाणं म्हणजे मांस, बटाटे, पाव. ब्रिक म्हणजे घरातली हवा. श्वास घेतला हे तक्त्यात कोणी लिहितं का?

आणि स्वच्छतेचा तर तो महामेरू. दर शनिवारी मला अंगणात नेऊन नळाखाली धरायचा, कडक ब्रशने घासायचा. घासता घासता कुंपणापलीकडच्या डुएनला, बोलणं पुन्हा सुरू झाल्यावर, कारखान्याच्या गोष्टी सांगायचा.

"पोरं नळ्या धुतात, बाहेरून चकचकीत. मी विचारायचो, सांधा उघडलास का? नाही. मग धुतलंस काय, तुझं कपाळ? सांधा उघडल्याशिवाय धुतलं ते धुतलंच नाही, हे मी चाळीस पोरांना शिकवलं."

हे बोलताना त्याच्या हातात मी होतो. माझा सांधा बंद होता. बटणं घट्ट होती, त्याचे अंगठे संधिवाताने दुखायचे, म्हणून तो वरूनच पाणी मारायचा आणि मला उन्हात ठेवायचा. आत पिवळी रेघ रोज थोडी जाड होत होती. मला तोंड असतं तर मी त्या दिवशी सबंध गल्ली जमा केली असती.

ऑगस्टच्या अखेरीस आठ आठवडे भरले. मिट्झीची मांडी भरून पुन्हा फुटली होती. पोटाची कातडी हत्तीसारखी काळी आणि जाड झाली होती. डॉक्टर मुआने तक्ता वाचला, दोनदा.

"एकही चूक नाही?"

"अर्धा मासा. तो पुढे लिहिलाय बघा, आणि त्यानंतर पहिल्यापासून मोजलंय."

"मग खाण्याचा प्रश्न नाही हा," ती म्हणाली. "तुमच्याइतकं काटेकोर कोणी केलेलं मी पाहिलं नाही. आता मॅडिसनला त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं लागेल. चाचण्या करतील, मग सुया."

"बरी कधी होईल?"

"फरक पडायला सहा महिने. कधी वर्षही लागतं."

एल्डनने खाली बघितलं. मिट्झी त्याच्या बुटावर बसून खाजवत होती आणि माझी कड टक टक टक फरशीवर आपटत होती.

त्यानंतरचा आठवडा मला आवडत नाही. मिट्झीने शेपूट हलवणं सोडलं. ती जाऊन न्हाणीच्या रिकाम्या टबात पडायची, कारण तो गार होता. एल्डन टबाच्या काठावर बसायचा आणि तिचा पंजा हातात धरून ठेवायचा, तिने तो चावू नये म्हणून. असा तास तास. एका दुपारी अर्डिस दारात येऊन उभी राहिली.

"मॅडिसनला फोन केलास का?"

"एक वर्ष म्हणाली डॉक्टर. एक वर्ष, अर्डिस. हिला विचारलं का कोणी, तुला एक वर्ष चालेल का?"

"मग काय करणार?"

"बाबांनी असं कुत्रं आठ दिवस ठेवलं नसतं."

"तुझ्या बाबांनी बरंच काही आठ दिवस ठेवलं नसतं. मलाही नसतं ठेवलं."

"मला बघवत नाही गं." तो रडत होता. मी अगदी समोर होतो, म्हणून मला दिसलं. "मी सगळं केलं. सांगितलं ते सगळं केलं. अजून काय करायचं राहिलंय सांग, तेही करतो."

अर्डिस येऊन टबाच्या दुसऱ्या काठावर बसली. त्याने तिथूनच दवाखान्यात फोन लावला आणि गुरुवारची वेळ घेतली.

माझ्या संतापाचं मी काय करू, सांगा. हा माणूस वाईट असता तर मी सुखाने त्याचा तिरस्कार केला असता. पण तो चांगला होता, प्रामाणिक होता, आणि आपल्या चांगुलपणाच्या खात्रीवर एक जिवंत जनावर संपवायला निघाला होता. गुरुवारी सकाळीसुद्धा त्याने गोळी चुकवली नाही. तीन तुकडे कापले. मग थांबला आणि चौथा कापला. "घे राणी. आज घे."

दवाखान्यात डॉक्टर मुआने दार लावून घेतलं. "एल्डन, मला अजून पटत नाहीये."

"मलाही पटत नाहीये. पण बघा तिच्याकडे."

तिने बघितलं. मग नाइलाजाने मान डोलावली आणि कपाटाकडे वळली.

"एक करा," एल्डन म्हणाला. "ते आधी काढा गळ्यातलं. शेवटी तरी मान मोकळी असू दे तिची."

म्हणून तिने मला उतरवलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझी बटणं उघडली. पहिलं, दुसरं, आणि तिसऱ्याला नख लावून जोर द्यावा लागला कारण ते चिकटलं होतं. सांधा चर्रकन सुटला आणि मी टेबलावर सपाट पडलो. माझ्या कडेवर, वरपासून खालपर्यंत, बोटाएवढी जाड पिवळी रेघ होती.

तिघांनी ती बघितली. आधी हालली ती मिट्झी. तिने मान खाली घातली आणि अगदी मनापासून ती रेघ चाटायला लागली.

एल्डनचा चेहरा शरमेने लाल झाला. "माफ करा डॉक्टर. सांधा राहिला माझ्याकडून. मी दर शनिवारी धुतो, पण हा सांधा..." त्याने मिट्झीला बाजूला केलं, नखाने थोडं खरवडलं, नाकाशी नेलं. आणि मित्रांनो, त्याही क्षणी त्या माणसाच्या आवाजात अभिमान आला. "ब्रिक आहे. आमचंच. तीनेक महिन्यांचं."

"सांधा राहू दे," डॉक्टर मुआ हळू आवाजात म्हणाली. "चीज तिथे आलं कुठून?"

"कुठून म्हणजे? गोळीचं."

"गोळीचं?"

"गोळी देतो ना. रोज. तुम्हीच म्हणालात, कशात तरी गुंडाळून द्या."

"आठही आठवडे?"

"एक दिवस चुकवला नाही."

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, दुसरं काही नाही."

"दुसरं काही नाहीच," एल्डन म्हणाला. "चीज म्हणजे..." आणि तिथे थांबला. एक्कावन्न वर्षं चीज म्हणजे काय हे सगळ्या गावाला सांगणारा माणूस, त्याला ते वाक्य पुरं करता आलं नाही. तो स्टुलावर बसला. नखातलं पिवळं त्याने कितीतरी वेळ पँटला पुसलं.

डॉक्टर मुआने कपाट बंद केलं, कुलूप लावलं. "मी म्हणाले होते तसं," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं मी. आमच्या आईकडेही कुत्र्याला गोळी चीजमध्येच देतात. माझ्या डोक्यातच आलं नाही." घ्या! लाओसहून आलेल्या घरातही तेच, आणि स्वित्झर्लंडहून आलेल्या घरातही तेच. या एका बाबतीत मंडळींची एकी वाखाणण्यासारखी आहे.

"म्हणजे मीच खायला घालत होतो," एल्डन म्हणाला. "माझ्या हाताने."

"कदाचित. नक्की कळायला पुन्हा आठ आठवडे. तयारी आहे?"

तो उठला, मिट्झीला उचललं, सत्तर पौंडांची कुत्री, पंचाहत्तर वर्षांचा माणूस, आणि गाडीकडे निघाला. मी त्याच्या काखेत होतो.

घरी अर्डिसने चुंबक काढून दुसरं पान उलटलं. पाचवी ओळ तिने मोठ्याने वाचली. औषध देताना चीज, लोणी किंवा मांस वापरू नये. पुढे बोलण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं, संसाराच्या सत्तेचाळीस वर्षांचं साठलेलं. पण तिने पान नुसतं पुन्हा लावलं, पाचवी ओळ दिसेल असं.

पुढचे आठ आठवडे गोळी त्याच खास खाण्याच्या भिजवलेल्या गोळ्यातून गेली. ती मिट्झी हुंगून थुंकायची, एल्डन उचलून पुन्हा द्यायचा, ती पुन्हा थुंकायची. पाचव्या आठवड्यात तिने पहिल्यांदा सबंध दुपार न खाजवता झोप काढली आणि एल्डन आणि अर्डिस शेजारी खुर्च्या टाकून ती झोप बघत बसले. सहाव्या आठवड्यात मांडीवर मऊ लव आली. आठ आठवडे भरल्यावर डॉक्टर मुआ म्हणाली, खात्री करायची तर एकदा थोडं चीज देऊन बघायला हवं, शास्त्र तसं आहे.

"शास्त्राला द्या," एल्डन म्हणाला. "हिला नाही."

डुएन अर्थातच म्हणाला, की मुळात सडांच्या मलमाने गुण आला, फक्त उशिरा आला.

मला परत द्यायला हवं होतं. माझ्या कडेवर तसं लिहिलंय. दिलं नाही. मी झ्वाइफेलांच्या गॅरेजमध्ये बर्फाच्या फावड्याशेजारी खिळ्याला टांगलेला आहे, आणि इथून जे दिसतं ते अजून कोणाला माहीत नाही.

रोज दुपारी चारला एल्डन गॅरेजमध्ये येतो. दार आतून लावतो. उलट्या बादलीवर बसतो, खिशातून कागदाची पुडी काढतो, आणि राय धान्याच्या पावावर ब्रिक आणि कांदा ठेवून खातो. स्वयंपाकघरात खाल्लं तर मिट्झी समोर येऊन बसते, बघते, आणि त्याला नाही म्हणवत नाही, हे त्याला आता कळलं आहे. म्हणून इथे. काउंटीतला सगळ्यात जुना चीजवाला, स्वतःच्या गॅरेजमध्ये, चोरासारखा. मग कोपऱ्यातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतो. बोटांच्या बेचक्यांत ब्रश घालतो. हात नाकाशी नेतो, हुंगतो, पुन्हा धुतो.

"एल्डन, काय करतोयस तिथे?" आतून अर्डिस.

"काही नाही गं!"

एका दुपारी त्याने मला खिळ्यावरून काढलं. दुखऱ्या अंगठ्यांनी एकेक बटण सोडवलं, सांधा उघडला, ब्रशने घासला, उजेडात धरला, आणि जिथे नव्हतं तिथेही पुन्हा घासलं. मी तिरस्काराने म्हणणार होतो, की आता काय उपयोग. पण हे त्याला ठाऊक असल्यासारखं तो घासत होता.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी विनंती करायची असते, तर करून टाकतो. आम्हाला धुताना सांधा उघडा. उसना आणलेला शंकू परत करा. आणि कधी एखादं मुकं जनावर बरं होत नसेल आणि तुम्ही 'दुसरं काही देत नाही' असं लिहायला बसलात, तर पेन्सिल खाली ठेवा आणि जे तुम्ही मोजतच नाही ते आधी आठवा. आठवेल अशी आशा मला फारशी नाही.

काल दार नीट लागलं नव्हतं. मिट्झी नाकाने ते ढकलून आत आली. अंगावर केस दाट, मान मोकळी. एल्डनच्या हातात अर्धा घास होता. तिने बघितलं. त्याने बघितलं. मग तो तोंडातलं न चावता तसाच उठला, हातातलं सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं, डब्याचं झाकण दाबलं, आणि नळ सोडून हात धुवायला लागला. मिट्झी त्याच्या पायाशी बसून राहिली. धुऊन झाल्यावर त्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले, उघडे, ओले, गुलाबी.

"बघ राणी," तो म्हणाला. "काही नाही."

तिने एकेक बोट हुंगलं, सगळी दहा. मग एक हात चाटला. तो तिने कितीतरी वेळ चाटला, आणि तिच्या चारही पायांतला एकही पाय हलला नाही.